विषय कोण निवडतं? बी.ए.च्या प्रवेश अर्जाचं एक वाचन

आज आपण कादंबरी, कवितासंग्रह किंवा एखादा विचारग्रंथ वाचायला घेतलेला नाही. आज समोर आहे बी.ए. भाग एकचा प्रवेश अर्ज, आणि त्याच्यासोबत महाविद्यालय देतं ते माहितीपत्रक. यात समीक्षा करण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटेल. पण बारावीचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी हा मजकूर वाचला जातो आणि त्याच्यावरून एखाद्या मुलाची किंवा मुलीची पुढची तीन वर्षं ठरतात. ज्या मजकुरावर एवढं अवलंबून आहे, तो काय सांगतो, काय सांगत नाही आणि कुणाच्या सोयीनं बोलतो, हे एकदा नीट बघितलं पाहिजे.

एक खुलासा आधीच करतो. या व्याख्यानात 'आम्ही' म्हटलं की सामाजिक शास्त्रं शिकवणारी माणसं असं समजा. पुढं जे दोष दाखवणार आहोत, त्यांतले काही आमचेच आहेत.

प्रवेशाच्या दिवसांत कुठल्याही महाविद्यालयाच्या खिडकीपाशी तासभर उभं राहा. गारगोटीकडून, चंदगडकडून, शाहूवाडीकडून आलेली पोरं असतात. बरोबर आई, मामा, नाहीतर गावातलाच कुणी वर्षभर पुढं असलेला मुलगा. अर्जात विषयांचे रकाने रिकामे असतात. मग प्रश्न येतो, "सर, सोपा विषय कंचा?" किंवा "एमपीएससीला कुठला चालतोय?" आई म्हणते, "सर, तुम्हीच लिवा की. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" आणि सर लिहितात. रकाना भरतो, पावती मिळते, पुढचा नंबर लागतो.

आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे की त्या रकान्यात जो विषय लिहिला गेला, तो निवडला कुणी?

कागदावर उत्तर सरळ आहे: विद्यार्थ्यानं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात पदवीची नवी रचना २०२३–२४ला विद्यापीठांत आणि स्वायत्त महाविद्यालयांत आली, २०२४–२५पासून संलग्न महाविद्यालयांतही आली. या रचनेचा सगळ्यात मोठा दावा निवडीचाच आहे. प्रत्येक सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट. तासिकेच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला साठ तास, आठवड्याला चार. पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीनं घ्यायचे, दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर करायचा, एक मायनर, आणि तिसरा सोडायचा. शिवाय ओपन इलेक्टिव्ह, तेही आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचं. त्यात कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग, इंटर्नशिप. तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिट झाली की पदवी. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

कल्पना म्हणून यात वाईट काही नाही, उलट चांगलं बरंच आहे. पूर्वी आपल्याकडं 'स्पेशल' कोणता, हे भाग तीनच्या तोंडावर ठरायचं आणि बाकीचे विषय पाट्या टाकल्यासारखे उरकायचे. अर्थशास्त्राच्या मुलाला हिशेब लिहिता येत नव्हता, इतिहासाच्या मुलीला नकाशा वाचता येत नव्हता. नवी रचना म्हणते, भिंती पाडा. ठीक आहे. पण पहिल्या वर्षीच्या तिन्हीत जो विषय नाही, तो पुढं मेजर म्हणून हाती लागत नाही. म्हणजे खिडकीपाशी पाच मिनिटांत भरलेला तो रकाना आता पूर्वीपेक्षा जास्त जड झालाय. आणि ही गोष्ट माहितीपत्रक कुठंही ठळक अक्षरांत सांगत नाही.

आता माहितीपत्रकातला विषयांचा तक्ता बघू. बऱ्याच महाविद्यालयांत तो गटांत छापलेला असतो. गट अ, गट ब, गट क, आणि खाली सूचना: प्रत्येक गटातून एकच विषय निवडावा. समजा एका गटात अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र आहे, दुसऱ्यात इतिहास आणि भूगोल. मग अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एकत्र शिकायचं असेल तर? जमत नाही. का जमत नाही, याला ज्ञानाच्या बाजूनं काहीही कारण नाही. दोन्हींचे तास सकाळी एकाच वेळी लागतात, एवढंच कारण. गट हे ज्ञानाचे नसतात, वेळापत्रकाचे असतात. पण छापून आलं की ते विषयांच्या स्वभावातूनच आल्यासारखे दिसतात, आणि अठरा वर्षांच्या मुलाला वाटतं की हे दोन विषय एकमेकांना चालत नसतील.

म्हणजे निवड करणारा पहिला माणूस झाला वेळापत्रक लावणारा.

दुसरा निवड करणारा म्हणजे आम्ही. हे बोलायला जड जातं, पण बोललंच पाहिजे. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा अध्यापनाचा कार्यभार सोळा तासांचा. चार क्रेडिटचा एक पेपर म्हणजे चार तास. विषयाला मुलं आली नाहीत, वर्ग भरला नाही, तर कार्यभार कमी होतो. कार्यभार कमी झाला की जागा धोक्यात, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचं तर मानधनच त्या तासांवर चालतं. नव्या रचनेत दुसऱ्या वर्षी विषय 'सुटतो', याचा अर्थ प्रत्येक विभागासाठी दर वर्षी एक निवडणूकच असते. मग स्टाफरूममधून प्रचार सुरू होतो. "आमच्याकडं ये, मार्क पडतात." "त्या विषयात गणित आहे बघ, झेपणार नाही." आम्ही हे केलेलं आहे. शेजारच्या टेबलावरच्या तासिका तत्त्वावरच्या मॅडमची नोकरी राहावी म्हणून केलं, असं आम्ही स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्या दिवशी ज्या पोराच्या रकान्यात आम्ही आमचा विषय लिहिला, त्याला काय शिकायचं होतं, हे आम्ही विचारलं नाही.

इथं कुणा एका शिक्षकाला दोष देऊन भागत नाही. शिक्षकाचं पोट विद्यार्थ्याच्या निवडीला बांधलं, तर सल्ला देणारा आणि गिऱ्हाईक शोधणारा असे दोन माणूस एकाच खुर्चीत बसतात. आणि अशा खुर्चीतून दिलेल्या सल्ल्याला समुपदेशन म्हणणं बरोबर नाही.

तिसरा निवड करणारा म्हणजे स्पर्धा परीक्षा. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र घ्यायचं, कारण ते 'कामाला येतं'. अधिकारी व्हायची इच्छा ही काही टिंगल करायची गोष्ट नाही. ज्या घरात कुणी कार्यालयाच्या आत पाऊल टाकलं नाही, त्या घरातल्या मुलीनं तहसीलदार व्हायचं ठरवलं तर त्यात मोठं धाडस आहे. पण हिशेब तरी नीट करा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक करायचं आयोगानं ठरवलं. म्हणजे आता पर्याय ओळखून गोल काळा करणं पुरत नाही, मांडणी करून लिहावं लागतं. तीन वर्षं गाईडमधले मुद्दे पाठ करून भूगोल घेतलेल्या मुलापेक्षा, मन लावून समाजशास्त्र वाचलेल्या आणि दर सत्राला एक निबंध स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मुलीला तिथं जास्त फायदा होईल, असं आम्हाला वाटतं. परीक्षेसाठी विषय निवडण्याचा जो जुना आडाखा होता, तो परीक्षेनंच मोडलाय.

आणि चौथी आहे एस.टी. याच्यावर हसू नका. दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत सीबीएसवर बसून राहायचं, आणि मुलगी असेल तर घरातून पुढच्या वर्षीचं शिक्षणच बंद व्हायचं. अशा मुलीचं ओपन इलेक्टिव्ह शेवटच्या तासाला असेल, तर ती ते 'निवडत' नाही. ती त्या तासाला जी गोष्ट घरी जाऊ देते, ती निवडते.

शाहू महाराजांच्या कोल्हापुरात बसून आम्हाला हे सांगावं लागतंय, याचं वाईट वाटतं. या शहरात १९०१पासून वसतिगृहं उभी राहिली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग आणि पुढं एकेका समाजाची अशी अनेक. महाराजांना एक गोष्ट स्वच्छ कळली होती. राजाराम कॉलेजचं दार उघडं आहे, एवढं म्हणून खेड्यातलं पोर आत येत नाही. ते राहणार कुठं, जेवणार काय, हे आधी सोडवावं लागतं. आजचं माहितीपत्रक दार उघडं असल्याचं सांगतं आणि तिथंच थांबतं. निवडीचा हक्क दिला, पण तो बजावण्याची सोय कुणी करायची, हा प्रश्न त्यात नाही.

आता एका वेगळ्या विद्यार्थ्याची विषय-निवड बघू. महाराजांनी ज्याचं कर्तृत्व ओळखलं, मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ज्याच्या नेतृत्वाची जाहीर ग्वाही दिली, त्या भीमराव आंबेडकरांची.

शाळेत असताना आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. जातीमुळं शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे विषय नाकारला जाणं काय असतं, हे त्यांना कोवळ्या वयात कळलं होतं. पुढं १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक. एकूण साठ.

ही यादी बहुतेक वेळा थक्क होण्यासाठी सांगितली जाते. किती अभ्यास केला! पण ती समीक्षकाच्या नजरेनं वाचली तर वेगळं काही दिसतं. आजच्या भाषेत बोलायचं तर अर्थशास्त्र हे मेजर आहे, निम्मा भार त्याच्यावर आहे. इतिहास मायनर. आणि मानववंशशास्त्र हे चारच अभ्यासक्रमांचं, आज ज्याला आम्ही ओपन इलेक्टिव्ह म्हणून दोन क्रेडिटांत उरकतो त्या जागेवरचं. पण ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा जो निबंध वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. जातीबद्दलचं त्यांचं पहिलं मोठं लेखन त्या बाजूच्या विषयातून आलं.

याचा अर्थ काय घ्यायचा? विषयांची संख्या महत्त्वाची नाही. साठ अभ्यासक्रमांच्या मागं काही थोडे प्रश्न होते: संपत्ती कशी निर्माण होते, ती कुणाकडं जाते, आणि समाज माणसाला त्याच्या जागी कसा बांधून ठेवतो. प्रश्न होता म्हणून चार अभ्यासक्रमांचा विषयही कामाला आला. प्रश्न नसता तर साठचे साठ नुसतं क्रेडिट झाले असते.

कुणी म्हणेल, कुठं कोलंबिया आणि कुठं आमचं गारगोटी! ते पदव्युत्तर शिक्षण होतं, माणूस असामान्य होता, विद्यापीठ श्रीमंत होतं. तिन्ही गोष्टी मान्य. आम्ही मुलांना आंबेडकर व्हा म्हणत नाही. आमचा मुद्दा लहान आहे: विषय निवडायच्या आधी प्रश्न निवडता येतो, आणि त्याला कोलंबिया लागत नाही. शिरोळ तालुकासुद्धा पुरतो.

ऑगस्ट २०१९चा महापूर घ्या, किंवा जुलै २०२१चा. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते तो सगळा भाग. त्या वेळी शाळेत असलेली मुलं आता पदवीला आहेत. त्यांनी पाणी घरात येताना बघितलंय. आता त्या मुलाला विचारा, तुला यातलं काय समजून घ्यायचंय? पाणी इतकं का चढलं, असं म्हणाला तर त्याला भूगोल पाहिजे. कर्नाटकात अलमट्टीतून किती पाणी सोडायचं हे कोण ठरवतं, असं म्हणाला तर राज्यशास्त्र. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला भरपाई मिळाली, पण त्याच्या शेतात ऊस तोडणाऱ्याला आणि वाट्यानं कसणाऱ्याला काय मिळालं, असं विचारलं तर अर्थशास्त्र. आणि गावात सगळ्यात आधी पाणी कुणाच्या वस्तीत शिरतं, ती वस्ती तिथंच का वसली, हा प्रश्न असेल तर समाजशास्त्र आणि इतिहास. महापूर एकच आहे. पण गट अ आणि गट ब यांच्या तक्त्यात तो मावत नाही.

अशा मुलाच्या हातात रकाने दिले तर तो "सोपा विषय कंचा" असं विचारणार नाही. तो म्हणेल, मला भूगोल आणि अर्थशास्त्र एकत्र पाहिजे, आणि क्षेत्र प्रकल्प माझ्या गावातच करायचाय. कुणी इचलकरंजीच्या यंत्रमागाबद्दल असंच म्हणेल, कुणी हुपरीच्या चांदीकामाबद्दल. म्हणजे क्षेत्र प्रकल्पाची क्रेडिट, जी आज अनेक ठिकाणी फोटो आणि फाईल जमा करून मिळतात, ती या मुलाच्या पदवीच्या मध्यभागी येतील. रचनेत ही जागा आहे. ती नीट वापरली जात नाही, ही आमची तक्रार आहे.

मग करायचं काय?

विद्यार्थ्यांना आणि पालकांना आम्ही एवढंच सांगू. खिडकीपाशी यायच्या आधी घरात एक कोरा कागद घ्या. त्याच्यावर आपल्या गावाबद्दलचा, घराबद्दलचा, कामधंद्याबद्दलचा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर पाहिजे. त्या प्रश्नाला लागणारे तीन विषय शोधा. मग महाविद्यालयाला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: हे तीन एकत्र मिळतात का, यांतला प्रत्येक विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून इथं चालतो का, त्याला पूर्णवेळ शिक्षक आहे का, आणि पुढं एम.ए. किंवा बी.एड. करायचं झालं तर काय चालतं. या चार प्रश्नांची उत्तरं न घेता अर्ज भरणं म्हणजे न बघता बैल घेण्यासारखं आहे.

महाविद्यालयांकडं आमची मागणी आहे. माहितीपत्रकात पहिल्या वर्षाचा तक्ता नको, तीन वर्षांचा द्या. कोणता विषय मेजर म्हणून नक्की चालणार आणि कोणता मुलं आली तरच चालणार, हे छापा. जे गट वेळापत्रकामुळं पडलेत, त्यांच्याखाली तसं लिहा, म्हणजे निदान पोरांना विषयांबद्दल गैरसमज होणार नाही. सल्ला देणारा माणूस त्या वर्षी स्वतःच्या विषयाचा प्रचार करणारा नसावा. आणि कोल्हापूर शहरात एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर महाविद्यालयं आहेत. एकाकडं तत्त्वज्ञानाचा शिक्षक आहे आणि दुसऱ्याकडं मुलं आहेत, तर ओपन इलेक्टिव्हचे तास वाटून का घेऊ नयेत? क्रेडिट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता यावीत म्हणून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१पासून आहे. तिचा उपयोग या शहरात रस्ता ओलांडण्यापुरता तरी करू या.

शासनाला एकच सांगणं आहे. कार्यभार दर वर्षीच्या मुलांच्या डोक्यांवर मोजणं थांबवा. विषय रुजायला तीन-चार वर्षं लागतात, तेवढी मुदत द्या. नाहीतर निवडीच्या नावाखाली लहान विषय एकेक करून मरतील आणि सगळे म्हणतील, पोरांनीच निवडले नाहीत.

शेवटी एक गोष्ट राहिली. या रचनेत मध्येच थांबण्याचीही सोय आहे. एक वर्ष केलं, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पुरी केली, की प्रमाणपत्र. दोन वर्षांनी पदविका. मिळवलेली क्रेडिट सात वर्षं बँकेत राहतात. लग्न ठरलं म्हणून भाग एक नंतर थांबलेल्या मुलीला हातात काही मिळतं, हे पूर्वीपेक्षा चांगलंच आहे. पण ती सात वर्षांत परत आली, तर तिचा विषय त्या महाविद्यालयात शिल्लक असेल का? तिनं जो विषय घेतला होता तो मधल्या काळात बंद पडला असेल, तर तिच्या क्रेडिटचं करायचं काय? बाहेर जायची वाट सविस्तर लिहिलेली आहे. परत यायची वाट महाविद्यालयातल्या त्या वर्षीच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे.

म्हणून पुढच्या जूनमध्ये खिडकीपाशी कुणी "तुम्हीच लिवा की" म्हणालं, तर आम्ही पेन खाली ठेवू, त्या आईला आणि पोराला बाकावर बसवू, आणि आधी विचारू की गावात काय चाललंय. रांग लांबेल, कार्यालय ओरडेल. पण तीन वर्षांच्या निर्णयाला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायची सुरुवात आम्हालाच करावी लागेल, कारण आजवर तो रकाना भरणारा हात बऱ्याचदा आमचाच होता.